वरमाय उठली

सुलक्षणाबाई बारीक झाल्या आणि अख्ख्या शिरूरला त्यांची काळजी लागली. बाजारात भेटेल ती बाई हनुवटीला हात लावून विचारायची, "वैनी, काय हो हे? साखर निघाली का?" एखादी कानाशी येऊन म्हणायची, "घरात समदं बरं हाय ना?" सुलक्षणाबाई सांगायच्या, "बारीक व्हायचं औषध घेतीया, पुण्याचं." हे मात्र कुणाला पटायचं नाही. दोन हजार चार सालची गोष्ट. पदरचे पैसे मोजून अंगावरचं मांस घालवायचं, हे खूळ तोवर घोडनदीपर्यंत पोचलं नव्हतं. बायका मान हलवायच्या आणि पुढच्या दुकानात जाऊन सांगायच्या की काहीतरी मोठंच दुखणं दिसतंय, सांगत नाहीत एवढंच.

सुलक्षणाबाईंना या बायकांचा मनापासून तिटकारा होता. तसा त्यांना पुष्कळांचा तिटकारा होता. माणूस समोर आलं की त्यांच्या नाकपुड्या आधी बोलायच्या, तोंड नंतर. आणि या सगळ्या तिटकाऱ्यात पहिला नंबर होता त्यांच्या नवऱ्याचा, पोपटरावांचा. पोपटराव मार्केट यार्डातले कांद्याचे आडते, गावाकडं न्हावऱ्याला ऊस, सोसायटीचं चेअरमनपद, अंगात कडक इस्त्रीचा सफारी. हा माणूस स्वतःच्या विनोदावर स्वतः आधी हसायचा आणि मग बाकीचे हसतात की नाही ते बघून ठेवायचा.

गोळ्यांचं कारणही हाच माणूस. न्हावऱ्याला पुतण्याच्या मुलाचं जावळ होतं. सुलक्षणाबाई पंगतीला मांडी घालून बसल्या, जेवल्या, आणि उठायची वेळ आली तेव्हा उठताच येईना. गुडघे वर येईनात, हात टेकायला जागा नाही, शेजारच्या बायका हात धुवायला गेलेल्या. शेवटी दोन वाढप्यांनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं. समोरच्या पंगतीतून पोपटराव ओरडले, "आरं, जेसीबी बोलवा की!" आणि इतके हसले की त्यांच्या नाकातून ताक आलं. सगळी पंगत हसली. सुलक्षणाबाई घरी आल्या, दार लावून रडल्या आणि दुसऱ्या आठवड्यात पुण्याला गेल्या.

पुण्याच्या डॉक्टरच्या खोलीत एवढा गारठा होता की त्याचं निम्मं बोलणं त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्यानं कॅप्सूल लिहून दिल्या, रक्तदाब तपासत राहा म्हणाला, चाला, व्यायाम करा, डाळी-दूध खा, असं बरंच काही बोलला. सुलक्षणाबाईंनी त्यातलं फक्त कॅप्सूल ऐकलं. तीही खरंच गुणाची निघाली. सकाळी घेतली की दिवसभर भूक मेलेली. भाकरी पुठ्ठ्यासारखी लागायची, कालवणाकडं बघवायचं नाही. दुपारी कपभर चहा, रात्री दोन घास भात. वजन भराभरा उतरलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत फिरायला लागल्या, पोलक्यांना टिपा घालून घालून शिंपी कंटाळला. पोपटराव यार्डात सांगत सुटले, "आमच्या घरच्यांना पुण्याचं औषध लागू पडलंय." जणू काही कॅप्सूल तेच गिळत होते.

अशात विश्वजीतचं लग्न ठरलं. विश्वजीत म्हणजे त्यांचा एकुलता एक, रांजणगावच्या एमआयडीसीत इंजिनियर. मुलगी केडगावची, ज्ञानूआप्पांची थोरली. साखरपुडा केडगावलाच करायचा ठरलं. सुलक्षणाबाई मनात म्हणाल्या, आता बघा. तीच भावकी, तेच सोयरे, तेच दात काढणारे. वरमाय म्हणून पाटावर बसेन आणि सगळ्यांदेखत आपली आपण उठेन. त्यांना दुसरं काहीही नको होतं.

आणि एका दुपारी घरात कुणी नसताना त्या पलंगाखालची पेटी काढायला खाली बसल्या, आणि पुन्हा तेच. उठता येईना. पाय नुसते थरथरले आणि फतकल घालून त्या जमिनीवर आपटल्या. पलंगाला धरून पाहिलं, तर हातातही बळ नाही. गड्याला, दगडोबाला, हाका मारून घसा बसला. तो यार्डातून येईपर्यंत त्या तिथंच फरशीवर बसून होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा तिटकारा आला. जाडी होते तवा उठता येत न्हवतं, आता बारीक झाले तरी उठता येत न्हाई. मग एवढं गेलं ते काय गेलं?

हे विचारायचं कुणाला? डॉक्टर लांब, आणि घरात सांगितलं की पोपटरावांचा नवा विनोद तयार. त्यांना आठवली करुणा. करुणा म्हणजे भागुबाईची मुलगी. भागुबाई पोपटरावांच्या गाळ्यावर वर्षानुवर्षं कांदा निवडायला होती. तिची ही पोरगी शिकून हायस्कूलला खेळाची शिक्षिका झाली होती आणि मुलींकडून वेटलिफ्टिंग करून घेत होती. मुली जिल्ह्यात बक्षिसं आणायच्या. एका गॅदरिंगला पोपटराव पाहुणे होते, तेव्हा करुणाला बक्षिसाचा कप सुलक्षणाबाईंच्या हातून द्यायचं ठरलं होतं. बोटाला बोट लागू नये म्हणून त्यांनी तो कप टेबलावर ठेवला होता आणि करुणानं तो उचलून घेतला होता. सुलक्षणाबाई हे विसरल्या होत्या. करुणा विसरली नव्हती.

"अगं करुणा," सुलक्षणाबाई तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जरा काम होतं तुझ्याकडं."

"मला शाळेत बाई म्हणतात, काकू," करुणा म्हणाली. "बसा."

सुलक्षणाबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. पण पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं, म्हणून बसल्या. सगळं ऐकून करुणानं त्यांना उठायला सांगितलं, हात न लावता. त्या उठू शकल्या नाहीत. करुणा हसलीही नाही आणि हळहळलीही नाही. तिनं फक्त सांगितलं, "औषधानं चरबी गेली, तिच्याबरोबर हातापायांचं मांसबी गेलं. तुम्ही पोटाला दिलं नाही, अंगाला काम दिलं नाही. मग अंगानं ते कशासाठी राखून ठेवायचं? वजन उचलायला लागेल. आणि जेवायला लागेल."

"वजन? मी?"

"मग काय, तुमच्याऐवजी मी उचलू?"

घरी येऊन सुलक्षणाबाईंनी गाळ्यातली लोखंडी वजनं मागवली. काटा इलेक्ट्रिकचा झाल्यापासून ती कोपऱ्यात गंजत पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं, तोवर दगडोबा धावत आला आणि ते त्यांच्या हातातून काढून घेत म्हणाला, "मालकीणबाई, मी हाय ना. कुठं ठेवायचं?" त्याला हाकललं तर धुणंवाली आली. तिला हाकललं तर पोपटराव आले.

"हे काय चाललंय?" पोपटराव म्हणाले. "आमच्या घरात बायका वजनं उचलत न्हाईत. त्याला माणसं हायती."

"मला उठता येत न्हाई म्हणून उचलतीया."

"मग उठवायला माणूस ठेवू. चोवीस तास ठेवू. पर यार्डात कळलं की आडत्याची बायको हमालागत वजनं उचलती, तर माझं तोंड काय ऱ्हाईल?"

सुलक्षणाबाईंनी वजन छातीशी धरलं. या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्या न्हावऱ्याच्या विहिरीवरून दोन घागरी एका दमात आणायच्या. चेअरमनचं घर झालं तशी घागर गेली, मग जातं गेलं, मग धुणं, मग पिशवीसुद्धा दगडोबाच्या हातात गेली. जो तो हातातलं काढून घेत गेला आणि त्याला मान म्हणत गेला. त्या मानानंच आपले पाय खाल्ले, हे त्यांना त्या सकाळी कळलं आणि त्यांच्या अंगाचा भडका उडाला. पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी वजनं रिक्षात टाकली आणि करुणाच्या अंगणात नेली.

तिथं हातातून काढून घेणारं कुणी नव्हतं. आजूबाजूच्या बायका यायच्या, बघायच्या आणि कामाला जायच्या. करुणानं आधी खुर्चीवर बसवून उठवलं, मग विटांवर ठेवलेल्या स्टुलावर, मग खालची एकेक वीट काढून. छातीशी वजन धरून बसा, उठा. पायरी चढा, उतरा. वजन जमिनीवरून उचला, पाठ वाकवू नका. सुलक्षणाबाईंना घाम फुटायचा, मांड्या पेटायच्या, संडासला बसताना देव आठवायचे. मधेच त्या चिडून म्हणायच्या, "तू काय मला पोलीस भरतीला पाठवतीस का?" करुणा म्हणायची, "तिथं घेणार नाहीत तुम्हाला. चला, अजून."

पोटाचंही करुणानंच बघितलं. पुण्याच्या डॉक्टरला फोन लावायला लावला. डॉक्टर म्हणाला, गोळी चालू ठेवा, पण उपाशी राहायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मग भूक असो नसो, घड्याळ बघून खायचं ठरलं. मटकी, हरभरे, दही आणि उकडलेली अंडी. पोपटरावांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा चालायचं नाही. म्हणून अंडी करुणाच्या घरी. भागुबाई सोलून बशीत ठेवायची.

"आमच्या घरचं खाताय," करुणा एकदा म्हणाली. "चालतं का?"

"पोटात गेल्यावर कुणाला दिसतंय?"

"म्हणजे दिसलं असतं तर चाललं नसतं."

सुलक्षणाबाईंनी अंडं खाल्लं आणि बशी स्वतः उठून विसळायला नेली. भागुबाई "ऱ्हाऊ द्या वैनी" म्हणाली, पण करुणा म्हणाली, "विसळू दे. वाकून उठायचा तेवढाच सराव." त्या दिवसापासून सुलक्षणाबाई तिला बाई म्हणायला लागल्या. प्रेमानं नव्हे. नाइलाजानं, पण म्हणायला लागल्या.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्या करुणाच्या अंगणात पाटावर बसल्या आणि हात न टेकता उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. करुणा म्हणाली, "उद्या जमेल. घाई करू नका, आधी पाय पोटाखाली घ्या." ती यायला तयार नव्हती, आणि सुलक्षणाबाईंनीही आग्रह केला नाही. आग्रह करायला पाहिजे होता हे त्यांना कळत होतं. भावकीच्या तोंडाला त्या भ्यायल्या, आणि ते त्यांना लागलं.

केडगावला कार्यालय गच्च भरलं होतं. एका बाजूला गाद्या-लोड टाकून पुरुषांची बैठक, मधोमध पोपटराव. पुढ्यात रांगोळी काढून पाट मांडलेला. वरमायची ओटी भरायची वेळ झाली. सुलक्षणाबाई पाटावर बसल्या तशी मागच्या बायकांत कुजबूज झाली, "आता काढायची कुणी वर?" एक हसली. सुलक्षणाबाईंनी ओळखलं ती कोण. मुलीची आई, चांगुणाबाई, ताम्हन घेऊन समोर बसली. हडकुळी, घाबरलेली बाई. तिनं पाय धुतले, पुसले, हळदीकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली आणि मागं ठेवलेलं लुगडं घ्यायला वळली.

सुलक्षणाबाईंचं सगळं ध्यान गुडघ्यांत होतं. पाय पोटाखाली घेतले, अंग पुढं झुकवलं, श्वास घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या. ना पाटाला हात, ना कुणाच्या खांद्याला. ओटी पदरात तशीच, एक दाणा सांडला नाही. एवढा आनंद त्यांना विश्वजीतच्या जन्माला झाला असेल, मध्ये कधी नाही. त्यांनी मान वर करून सगळ्यांकडं बघितलं.

कार्यालय चिडीचूप झालं होतं. वाजंत्रीवाल्यांनी पिपाणी तोंडातून काढली. चांगुणाबाईच्या हातात लुगडं तसंच राहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आमच्याकडं वरमायला पाटावरून उठवायचा मान मुलीच्या आईचा. तिनं लुगडं द्यायचं, हात द्यायचा, मग वरमायनं उठायचं. लुगड्याआधी, हाताशिवाय वरमाय उठली, म्हणजे वरमाय रुसली. आत्तापर्यंत अशा दोन-चार सोयरिकी मोडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. सुलक्षणाबाईंनाही ही रीत पाठ होती. पण गेले कित्येक दिवस त्यांच्या डोक्यात उठण्याशिवाय काही नव्हतंच.

"वरमाय उठली," मध्यस्थ बन्सीमामा दबक्या आवाजात म्हणाले.

ज्ञानूआप्पा टोपी हातात घेऊन पुढं आले. "वैनी, काय चुकलं आमचं? काय कमी पडलं?"

"काय न्हाई हो. मी आपली उठले नुसती."

यावर कोण विश्वास ठेवणार? रुसलेली बाई काही न्हाईच म्हणते. चांगुणाबाई त्यांच्या पायाशी खाली बसली आणि पदरानं पुन्हा पाय पुसायला लागली. आणि लोडाला टेकून बसलेल्या पोपटरावांच्या डोळ्यांत चमक आली. सुलक्षणाबाईंना ती चमक चांगली ठाऊक होती. पडत्या भावात कांदा मिळाला की ती यायची.

"आमच्या घरच्यांचं मन मोठं हाय," पोपटराव बसल्या जागेवरून म्हणाले, "पर दुखावल्यात त्या. आता बोलणीत चारचाकीचं तेवढं ऱ्हाऊन गेलं होतं. आम्ही मागत न्हाई. तुम्हाला समजलं पाहिजे."

ज्ञानूआप्पांनी मान खाली घातली. सुलक्षणाबाई बैठकीपाशी गेल्या आणि वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "मी रुसलेली न्हाई."

"गप ऱ्हा," पोपटराव ओठ न हलवता म्हणाले. "गाडी निघतीया."

सुलक्षणाबाईंच्या कानशिलातून वाफा निघाल्या. महिनोन् महिने मांड्या पेटवून घेतल्या, चोरून अंडी खाल्ली, एका पोरीचं टोचून बोलणं ऐकलं, आणि ते सगळं या माणसाच्या बुडाखाली गाडी यायला? त्या परत पाटावर गेल्या आणि बसल्या. लोकांना वाटलं, मिटलं. चांगुणाबाईनं घाईनं हात पुढं केला. सुलक्षणाबाईंनी तो बाजूला केला आणि आपल्या आपण उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "ह्याला रुसणं म्हणत्यात व्हय? मी उठतीया. मला उठता येतंय."

पुन्हा बसून पुन्हा उठल्या, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "आगं, अंगात आलंय वरमायच्या! हळद आणा!" दोघी-तिघी खरंच हात जोडून पुढं सरकल्या. एकीनं त्यांच्या कपाळाला मळवट भरायला बोटं बुडवली. सुलक्षणाबाईंना वाटलं, या माणसांना बाईचं रुसणं कळतं, बाईच्या अंगात येणं कळतं, पण बाई आपल्या पायावर उभी राहिली तर यांना काही म्हणजे काही कळत नाही.

त्यांनी त्या बाईचा हात खाली केला. ओटी पाटावर ठेवली. पायाशी बसून रडणाऱ्या चांगुणाबाईच्या काखेत दोन्ही हात घातले आणि तिला जमिनीवरून उचलून उभं केलं. चांगुणाबाई इतकी दचकली की रडायची थांबली. वरमायनं मुलीच्या आईला उठवलेलं केडगावात कुणी पाहिलं नव्हतं.

"आणा ते लुगडं," सुलक्षणाबाई तिला म्हणाल्या. लुगडं घेतलं, कपाळाला लावलं. मग बैठकीकडं वळून म्हणाल्या, "आप्पा, टोपी घाला. माझं काय अडलं न्हाई आन् कुणी रुसलेलं न्हाई. गाडी मागतायत ते आमचे हे. तर ह्यांनी उठावं, तुमच्यासमोर उभं ऱ्हावं आन् उभ्यानं मागावी. फकस्त कुणी हात द्यायचा न्हाई."

पोपटराव हसले. नेहमीसारखे आधी स्वतःच हसले आणि मग आजूबाजूला बघून घेतलं. कुणी हसलं नव्हतं. त्यांनी लोड मागं ढकलला, मांडी सोडली, तळवा गादीवर टेकला आणि जोर केला. गादी दबली, ते दबले. दुसरा तळवा टेकला. सफारीची बटणं ताणली गेली, मानेवरच्या शिरा वर आल्या. सवयीनं त्यांचा हात बाजूला गेला आणि शेजारी बसलेल्या सोयऱ्यानंही सवयीनं आपला हात पुढं केला.

"न्हाई म्हणलं ना," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

सोयऱ्यानं हात मागं घेतला. सगळं कार्यालय पोपटरावांकडं बघत होतं आणि सगळ्यांत जास्त विश्वजीत बघत होता. पोपटरावांनी आणखी एकदा जोर केला, कमरेपर्यंत वर आले आणि धप्पकन गादीवर बसले. मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या आप्पा," ते बसल्या बसल्या म्हणाले. "गाडीचं काय एवढं न्हाई."